लिथिअममधली हरवलेली पायरी

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सेसिअम-१३७ हा गॅमा किरणांचा स्रोत आणि सोडिअम आयोडाइडचा डिटेक्टर लावून बसलेल्या प्रत्येकाने कॉम्प्टन एज पाहिलेली असते, म्हणजे गॅमा किरण धडकेत इलेक्ट्रॉनला देऊ शकेल त्या कमाल ऊर्जेची कड. ६६२ केईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) पीकच्या डावीकडे, ४७७ च्या आसपास, कडा कापल्यासारखी उभी हवी. कागदावर उतरतो तो उतार. ‘डिटेक्टरचं रिझोल्यूशन’ असं जर्नलमध्ये लिहून आपण मोकळे होतो, आणि बहुतांशी कारण तेच असतं. पण पदार्थातले इलेक्ट्रॉन पळत असतात, त्यानेही ऊर्जा थोडी पसरते. फलाटावर न थांबणाऱ्या मालगाडीची शिट्टी येताना चढते, जाताना उतरते, तसंच. त्या पसरण्याचा आलेख म्हणजे कॉम्प्टन प्रोफाइल, आणि या विषयाचा सगळा इतिहास त्यातच आहे.

१९२९ मध्ये बेरिलिअमवरच्या क्ष-किरण मोजणीतून दिसलं की हा पसारा फर्मी-डिरॅक सांख्यिकीनेच, म्हणजे एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन या नियमानेच, जुळतो. पुढची बरीच वर्षं विषय मागे पडला. साठच्या दशकात तो पुन्हा वर आला, सत्तरच्या दशकात अमेरिशिअम-२४१ चे ५९.५ केईव्हीचे गॅमा किरण आणि जर्मेनिअम डिटेक्टर आले, मग सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारी यंत्रं.

‘साधा धातू’ हा शब्द मात्र विद्यार्थ्यांना चकवतो. साधा म्हणजे स्वस्त किंवा रोजच्या वापरातला असा त्याचा अर्थ नाही. ज्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकळे वागतात, तो साधा. लोखंड त्यात बसत नाही. लिथिअम, सोडिअम, ॲल्युमिनिअम बसतात. लिथिअमचे तर तीनच इलेक्ट्रॉन. आतल्या दोघांचा पसरट उंचवटा आणि त्यावर बाहेरच्या एकाचा उलटा पॅराबोला, इतकं सुटसुटीत चित्र. फर्मी संवेगापाशी, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या कमाल संवेगापाशी, इलेक्ट्रॉनांची संख्या पायरीसारखी घसरते, म्हणून प्रोफाइलला तिथे मोड दिसतो. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात तशी ही पायरी १ पेक्षा बुटकी होते, पण नाहीशी होऊ नये.

नव्वदच्या दशकात लिथिअमवरच्या मोजणीत तिची उंची निघाली जेमतेम ०.१. सगळ्यात साध्या धातूत सिद्धान्त इतका चुकावा? काहींनी दोष इलेक्ट्रॉनांमधल्या परस्परसंबंधांच्या गणिताला दिला. माझ्या मते खरं वादग्रस्त गृहीतक त्याच्या आधीचं होतं, इम्पल्स ॲप्रॉक्झिमेशनचं. धक्का बसलेला इलेक्ट्रॉन क्षणात मोकळा होऊन निघून जातो, असं सगळ्यांनी धरलं होतं. तो जाताना शेजाऱ्यांना ढवळत जातो, आणि आपाती, म्हणजे येऊन आदळणाऱ्या क्ष-किरणांची, ऊर्जा कमी असेल तर त्यानेही मोड पुसट होतो. २००० च्या सुमारास आपाती ऊर्जा बदलून केलेल्या मोजण्यांनी हे दाखवलं. वाद तिथे थांबला नाही, पण लिथिअमच्या त्या आकड्यावरचा माझा विश्वास मात्र तिथेच उडाला.

२०१० मध्ये सोडिअममध्ये पायरी ०.५८ भरली आणि गणिताशी जुळली.

राजस्थानातल्या एका विद्यापीठात आजही कॉम्प्टन प्रोफाइल मोजतात ते सेसिअम-१३७ वरच. आपल्या टेबलावरचा स्रोत मायक्रोक्युरीत मोजायचा, तिथला क्युरीत, म्हणजे लाखो पटींनी प्रखर. आणि समोर जर्मेनिअम डिटेक्टर.