पोळलेली जीभ, चुना आणि पाइपचा धूर

माझे थोरले मामा सोलापूरच्या एका कापडगिरणीत वीव्हिंग मास्तर होते. पाळी सुटली की अंगणात आरामखुर्ची टाकून बसायचे आणि पाइप पेटवायचे. दहा मिनिटांत मामींना हाक जायची, "अगं, तांब्या आण गं, जीभ पोळली." मामी तांब्या हातात देता देता म्हणायच्या, "सावकाश ओढा की वो जरा." हा संवाद मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकला. मामींचं म्हणणं बरोबर होतं, पण त्यात निम्मंच कारण आलं होतं. उरलेलं निम्मं मला पुढे रसायनशास्त्र शिकवताना सापडलं, आणि तेही पानाच्या डब्यातल्या चुन्यापाशी.

जिभेला काय झालं हे सांगायला मराठीत नेमके शब्द आहेत. चहानं ती पोळते, मिरचीनं झोंबते, पानात चुना जास्त पडला तर चरचरते आणि सोलून निघते. पाइप ओढणाऱ्याची जीभ एकाच वेळी पोळतही असते आणि चरचरतही असते. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. जिभेला मात्र ती एकच वाटतात, कारण दोन्हींची वर्दी मेंदूकडे जाते ती एकाच वाटेनं.

जिभेतल्या वेदना सांगणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यातल्या एकाचं नाव टीआरपीव्ही१. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हे दार उघडतं आणि 'भाजलं' असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिनही नेमकं हेच दार उघडतं, म्हणून गार चटणीसुद्धा 'जाळ' लागते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये मिरचीचाच धागा धरून हे दार शोधलं, आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह नोबेल मिळालं. याच तंतूंवर टीआरपीए१ नावाचं दुसरं दार असतं. ते निकोटिननं उघडतं आणि अल्कली, म्हणजे चुन्यासारख्या, पदार्थांनीही उघडतं. म्हणजे धुरातली उष्णता एका दारातून शिरते, धुरातलं रसायन दुसऱ्यातून, पण दोन्ही दारं एकाच घराची.

आधी उष्णतेचं बघू. पाइपमधला निखारा कित्येकशे अंश तापलेला असतो, तरी जीभ पोळण्याचं मुख्य कारण तो निखारा नव्हे. नुसती कोरडी गरम हवा फारशी उष्णता वाहून नेत नाही. तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर काही होत नाही, पण इडलीपात्राचं झाकण उघडताना हातावर आलेली वाफ फोड आणते. १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ते पाणी शंभर अंशांवरून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत आणखी ६३ कॅलरी सोडतं. एवढ्या उष्णतेत दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी, ३७ अंशांवरून जवळजवळ उकळीला पोचेल. जिभेवर वाफ विरते तेव्हा हा सगळा हिशेब जिभेच्या पातळ त्वचेवर चुकता होतो.

ही वाफ येते कुठून? एक वाटा तंबाखूतल्या ओलाव्याचा. पुडीतून नुकत्याच काढलेल्या पाइपच्या तंबाखूत वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी असू शकतं. दुसरा वाटा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पान अगदी कोरडं असलं तरी जळताना पाणी तयार होतंच. पानातल्या सेल्युलोजमध्ये हायड्रोजन असतो, तो हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी बनतो. १०० ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळलं तर सुमारे ५५ ग्रॅम पाणी निघतं. पाइप मध्येच गुडगुडू लागतो तो याच पाण्यानं. वाटेत नळीत जेवढी वाफ थंड होईल तेवढी जीभ वाचते. म्हणून लांब नळीचा पाइप सौम्य लागतो, आणि म्हणूनच ओढता ओढता नळीतून एकदा दोऱ्याची काडी फिरवून पाणी टिपून घेणं हा अगदी कामाचा उपाय आहे. आपल्याकडच्या चिलमीला तोंडाशी ओलं फडकं, छापी, धरतात. तिचंही काम तेच. धुरातली राख अडते, आणि ओल्या फडक्यातलं पाणी उडताना धुराची उष्णता शोषून घेतं, माठात पाणी गार होतं त्याच न्यायानं.

भूमध्य समुद्राकाठच्या एरिका नावाच्या झुडपाच्या बुंध्याशी जी गाठ धरते, तिच्यापासून ब्रायरचे पाइप कोरतात. हे लाकूड सहज पेट घेत नाही आणि थोडा ओलावा शोषून घेतं. सलग चार-पाच वेळा तोच पाइप भरला की ते भिजून जातं, मग शोषायला जागा उरत नाही. मामांकडे पाइप एकच होता.

आता चुना. तंबाखू मळणारा माणूस तळहातावर चुना का घेतो? 'त्याशिवाय चढत नाही,' असं उत्तर मिळतं, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते अगदी खरं आहे. निकोटिन हा स्वतः अल्कली स्वभावाचा पदार्थ. पानात तो आम्लांशी बांधलेला असतो, मिठासारख्या क्षाराच्या रूपात, आणि त्या रूपात तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज आत शिरत नाही. चुन्यानं आजूबाजूचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (पीएच), चढतो, निकोटिन मोकळं होतं आणि गालातून भराभर रक्तात उतरतं. सामू ८ च्या आसपास निम्मं निकोटिन मोकळं असतं. वर्गात मी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकून दाखवतो. कागद लालभडक होतो. हळदीचं कुंकू होण्यामागे हाच बदल आहे हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात.

पाइपच्या तंबाखूत कुणी चुना घालत नाही, पण पान कसं वाळवलं यावर धुराचा स्वभाव ठरतो. गरम हवेच्या कोठीत आठवडाभरात वाळवलेल्या व्हर्जिनिया पानात साखर टिकून राहते, आणि साखर जळताना आम्लं तयार होतात. सिगारेटमध्ये मुख्यतः हे पान असतं. तिचा धूर आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढल्याशिवाय निकोटिन पुरेसं पोचत नाही. बर्लीसारखं पान सावलीत टांगून कित्येक आठवडे वाळू देतात. पानातल्या पेशी त्या काळात हळूहळू मरतात आणि मरण्यापूर्वी जवळची साखर खाऊन टाकतात. साखर गेली, अमोनिया देणारी नायट्रोजनयुक्त संयुगं राहिली. अशा पानाचा धूर अल्कली होतो आणि तोंडातच निकोटिन देतो. पाइप आणि चिरूट ओढणारे धूर गिळत नाहीत, तरी त्यांना तलफ लागते ती याचमुळे. आणि हाच अल्कली धूर जिभेवरच्या लाळेत विरघळून चुन्यासारखा चरचरतो. कितीही सावकाश ओढा, ही चरचर जात नाही, मिश्रण बदलावं लागतं. मामी म्हणायच्या ते सावकाश ओढणं उष्णतेवर लागू पडत होतं, चुन्यावर नाही.

मग जीभ कशी सांभाळायची? सगळ्यात मोठा फरक ओलाव्यानं पडतो, आणि तो ओळखायचा कसा हे मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अक्कांनी शिकवलं. त्या चाळीस वर्षं विड्या वळत होत्या. रात्री तेंदूची पानं भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची. पान जास्त ओलं राहिलं तर विडी धरत नाही, सुकलं तर वळताना तडकतं. मी मामांची पुडी त्यांच्या पुढे धरली. त्यांनी चिमूट घेतली, दोन बोटांत दाबली, सोडली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "ओली आहे. अजून गोळा धरतीय." चिमूट दाबून सोडल्यावर तिनं गोळा धरता कामा नये आणि चुराही होता कामा नये, हळूहळू उलगडली पाहिजे. पुडीतल्या तंबाखूत बहुधा ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे श्रावणातल्या दमट हवेत ती कागदावर पसरून बराच वेळ ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्या हवेत उलटी भीती. कडकडीत वाळलेली तंबाखू भसकन जळते, निखारा तापतो आणि जीभ पुन्हा पोळतेच.

दुसरी गोष्ट ओढण्याच्या वेगाची. प्रत्येक झुरका म्हणजे लोहाराच्या भात्याचा एक दाब. भाता जोरात चालवला की कोळसा पांढरा पडतो. पाइप विझेल या भीतीनं माणूस भराभर ओढतो, पण विझलेला पाइप पुन्हा पेटवता येतो, त्यानं काही बिघडत नाही. श्वासाच्या लयीत, धुराची बारीक रेघ येईल इतकंच ओढावं. पाइपची वाटी हातात धरवेना इतकी तापली की पाइप खाली ठेवावा. भरताना खाली सैल आणि वर किंचित घट्ट, नाहीतर हवा अडते आणि जोर लावावा लागतो.

तिसरी गोष्ट खास आपल्या गावची. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं जेवण झाल्यावर लगेच पाइप पेटवला तर तो जास्त भाजतो. हा भास नाही. कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ चा उंबरठाच खाली आणतं, मग एरवी कोमट वाटणारी वाफसुद्धा आग लावते. तासभर थांबावं, वाटीभर ताक प्यावं. ताकातलं स्निग्ध आणि प्रथिनं मिरची धुऊन नेतात, आणि त्याची आंबट चव लाळही सुटवते.

एवढं सांगून थांबलो असतो तर मला रात्री झोप लागली नसती. जीभ पोळणं थांबलं म्हणजे धूर निरुपद्रवी झाला, असं मुळीच नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॅम्युएल थॉमस झ्योमरिंग यांनी १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. त्यानंतरच्या संशोधनात जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसं अशी भर पडत गेली. गार, मऊ धुरातही कर्करोग घडवणारी रसायनं असतातच. हुक्क्याच्या पाण्यातून गेलेल्या धुरातही असतात. मेंथॉलच्या गारव्यानं तर फक्त तक्रार दबते, कारण तो थंडीचं वेगळं दार उघडून भाजल्याची वर्दी झाकून टाकतो. तोंडातली कुठलीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट मदत मिळते.

मामांची टाळू अशीच एका डॉक्टरांनी दाढ काढताना पाहिली. पांढुरकी, जाडसर, आणि तिच्यावर लाल ठिपके. ते ठिपके म्हणजे सुजलेल्या बारीक लाळग्रंथींची तोंडं. सतत गरम धूर लागून टाळूची ही अवस्था होते, आणि धूर थांबला तर बहुतेकदा ती भरून येते. मामांनी त्या दिवशी घरी येऊन पाइप कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं तेव्हा टाळू गुलाबी झाली होती. त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेला आम्ही सगळे जमलो होतो. पानात चटणी वाढताना मामा मामींना म्हणाले, "थोडी कमी घाल गं, हल्ली झोंबते."