सहा घरं, पाच काडतुसं: काउबॉय नेमबाजीतल्या रिव्हॉल्व्हरची पार्श्वभूमी

काउबॉय नेमबाजी म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेच्या धर्तीच्या शस्त्रांची स्पर्धा. तिच्यासाठी रुगर या अमेरिकन कंपनीचं रिव्हॉल्व्हर घ्यावं की जुन्या कोल्टच्या घडणीचं इटालियन, हा प्रश्न वरवर किमतीचा वाटतो. त्याच्या मुळाशी १९७३ साली अमेरिकेत झालेला एक निर्णय आहे. हलक्या स्प्रिंगा, खाली वाकलेले हॅमर (काडतुसावर घाव घालणारे मागचे घोडे) आणि ‘शॉर्ट-स्ट्रोक’ (हॅमरचा प्रवास आखूड करणं) यांवर आज जी वादावादी चालते, तिचा उगम बऱ्याच अंशी तिथेच सापडतो.

त्याआधीचा शंभर वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८७३ मध्ये अमेरिकन लष्कराने कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. सिंगल ॲक्शन म्हणजे दर गोळीला हॅमर अंगठ्याने ओढावा लागतो. घोडदळाला साडेसात इंची नळीचं मिळालं. आज स्पर्धेत जास्त दिसतं ते पावणेपाच किंवा साडेपाच इंची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे उत्पादन बंद पडलं. १९५०च्या दशकात घराघरांत टीव्ही आला, त्यावर काउबॉयपट सुरू झाले आणि मेल्यात जमा झालेल्या या रिव्हॉल्व्हरला पुन्हा गिऱ्हाईक आलं. रुगरने १९५३ मध्ये .२२चं सिंगल-सिक्स आणि १९५५ मध्ये .३५७ मॅग्नमचं ब्लॅकहॉक काढलं. रूप कोल्टचं, पण आत पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी वेटोळ्याच्या स्प्रिंगा. पट्टीची स्प्रिंग वारंवार मोडते, वेटोळ्याची वर्षानुवर्षं टिकते. या एका बदलाचं श्रेय रुगरला पुरेसं दिलं जात नाही, असं मला वाटतं. १९५६ मध्ये कोल्टनेही उत्पादन पुन्हा सुरू केलं. त्याच दशकाच्या अखेरीला इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या बंदूक कारागिरांच्या खोऱ्यात जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनू लागल्या.

आता १९७३. कोल्टचा हॅमर मागे ओढताना चार ‘क्लिक’ ऐकू येतात. पहिला सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा अर्ध्यावरचा म्हणजे काडतुसं भरण्याचा, तिसरा सिलिंडर (काडतुसांची घरं असलेलं फिरतं नळकांडं) अडवणारा खटका उठल्याचा आणि चौथा पूर्ण ओढल्याचा. अडचण पहिल्या खाचेत आहे. हॅमर खाली असला की त्याची पिन थेट काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीला, टेकते. तिला दूर धरते ती हॅमरवरची एक बारीक खाच आणि चापाचं पातळ टोक. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून हॅमरवर आपटलं, तर हे टोक तुटू शकतं आणि गोळी सुटते. म्हणून सहा घरांत पाचच काडतुसं भरायची आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवायचा, ही जुन्या माणसांची शिस्त. रुगरच्या जुन्या मॉडेलची फायरिंग पिन चौकटीत बसवलेली होती, तरी धोका तोच. नवख्या लोकांनी सहाही घरं भरली, अपघात झाले, कंपनीवर दावे लागले. त्यातला एक १९७९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

कंपनीने १९७३ मध्ये ‘न्यू मॉडेल’ आणलं. हॅमर आणि फायरिंग पिन यांच्यामध्ये एक उभी पट्टी आली, तिला ट्रान्स्फर बार म्हणतात. चाप ओढून धरला तरच ती वर येते आणि हॅमरचा घाव पिनपर्यंत पोचवते. एरवी हॅमर पिनला शिवतच नाही. सहाही घरं भरून रिव्हॉल्व्हर निर्धास्त बाळगता येऊ लागलं. पुढे जुन्या मॉडेलच्या मालकांनाही हा बदल फुकट करून देण्याची सोय कंपनीने केली.

या निर्णयावर टीका करणाऱ्यांची बाजू खोटी नाही. अर्ध्यावरचा टप्पा गेला, चार क्लिक गेले, चाप जड आणि लांबट झाला. लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं भरण्याची बाजूची झडप, उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो हे सोयीचं. पण क्लिक ऐकू येईपर्यंत घर गेटच्या पुढे सरकलेलं असतं. मागे फिरवता येत नाही, म्हणून घाईत एक घर चुकलं की पूर्ण फेरा मारावा लागतो. जुन्या मॉडेलचे कित्येक मालक फुकटचा बदलही करून घेत नाहीत, कारण चापाचा स्पर्श बिघडतो. त्यांची हळहळ मी समजू शकतो. तरीही तो निर्णय योग्यच होता. चापाची खुमारी आणि अपघाती गोळीने जखमी होणारा माणसाचा पाय यांत निवड करायची असेल, तर वाद फार ताणू नये.

खेळ आला तो यानंतर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही नेमबाजांनी जुन्या पश्चिमेतल्या शस्त्रांची स्पर्धा भरवली आणि त्याच दशकात संघटनाही उभी राहिली. दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर-ॲक्शन रायफल, एक शॉटगन. लागलेल्या वेळेवर निकाल आणि प्रत्येक चुकलेल्या नेमाला पाच सेकंदांचा दंड. नियम करताना संघटनेने पाच काडतुसांची जुनी शिस्त सर्वांना सरसकट लावली. ट्रान्स्फर बार असो वा नसो, एक घर भरायचं, एक सोडायचं, पुढची चार भरायची, हॅमर पूर्ण ओढून सावकाश खाली उतरवायचा. तो रिकाम्या घरावर येतो. मैदानावर सगळ्यांना एकच नियम, त्यामुळे तपासणाऱ्यालाही शंका राहत नाही. पण याचा एक परिणाम असा, की ज्या सहाव्या काडतुसासाठी रुगरने चापाचा स्पर्श गमावला, ते स्पर्धेत कधी भरलंच जात नाही.

म्हणून रिव्हॉल्व्हरचे आतले भाग बदलण्याच्या कामाला ऊत आला. १९९३ मध्ये रुगरने खास या खेळाकडे पाहून स्थिर नेमाच्या खाचेचं व्हॅकेरो काढलं. मजबूत, पण कोल्टपेक्षा जाडजूड. २००५च्या न्यू व्हॅकेरोची चौकट कोल्टच्या मापाजवळ आली, आणि सिलिंडर घर गेटसमोर असतानाच क्लिक करू लागला. बत्तीस वर्षांची तक्रार मिटली. तरी मूळ २३ पौंडांची हॅमर स्प्रिंग काढून १७ ते १९ पौंडांची घालणं हा नेहमीचा पहिला बदल राहिला. दुसरा बदल रुगरच्याच सुपर ब्लॅकहॉक या मॉडेलचा हॅमर बसवण्याचा. त्याचं रुंद टोक खाली असतं, पकड न सोडता अंगठा पोचतो. पुढे कंपनीनेच खाली टोकाचे हॅमर लावून लागोपाठ क्रमांकांच्या जोड्या विकायला काढल्या. स्प्रिंग हलकी करण्याला मात्र मर्यादा आहे: घाव ट्रान्स्फर बारमधून जातो, तो कमजोर पडला की कडक प्रायमर पेटत नाही आणि स्पर्धेत तो फटका सरळ वेळेवर बसतो. काही जण ट्रान्स्फर बारच घासतात किंवा काढून टाकतात. ते चूक आहे. रिव्हॉल्व्हर उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार आणि तो सहा भरणार.

सगळ्यात तीव्र मतभेद शॉर्ट-स्ट्रोकवर आहेत. यात हॅमरचा प्रवासच कमी केला जातो, म्हणजे अंगठ्याला कमी अंतर ओढावं लागतं. मोठ्या संघटनेने बाहेरून न दिसणारे आतले बदल चालू दिले. इतिहासाशी अधिक प्रामाणिक राहू पाहणाऱ्या दुसऱ्या संघटनेचे नियम कडक आहेत. .३८ स्पेशलच्या अगदी हलक्या, कमी धक्का देणाऱ्या काडतुसांवरूनही असाच तंटा झाला आणि काडतुसाला किमान ताकदीची अट आली.

इटालियन रिव्हॉल्व्हरना या काळात मागणी वाढली ती चार क्लिक शाबूत होते म्हणून. पण गेल्या काही वर्षांत त्यांतल्या मोठ्या कारखान्यानेही बऱ्याच मॉडेलच्या हॅमरमध्ये आत सरकणारी फायरिंग पिन बसवायला सुरुवात केली. चाप ओढलेला नसेल तर ती पुढे येत नाही. बाहेरून फरक जवळजवळ दिसत नाही आणि अर्ध्यावरचा टप्पाही तसाच आहे. त्यामुळे जुन्या साठ्यातली पक्क्या पिनेची रिव्हॉल्व्हर शोधणारे स्पर्धक आता आहेत, आणि मैदानावर त्यांनाही पाचच काडतुसं भरावी लागतात.