रेघेपेक्षा तिठा बोलका: डाउन सिंड्रोम आणि हाताचे ठसे

नवजात बाळाच्या तळहातावर एकच आडवी रेघ दिसली की कुणीतरी आईबापांना घाबरवून सोडतंच. डाउन सिंड्रोम (एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने येणारी जन्मजात स्थिती) असलेल्या साधारण निम्म्या मुलांच्या हातावर दोनांऐवजी अशी एकच रेघ असते, हे खरं. पण इतरांतही शंभरातल्या दोन-तीन जणांच्या निदान एका हातावर ती सापडते. आता हिशेब करा. 10,000 बाळांत डाउन सिंड्रोम असलेली 10-12, त्यांतली रेघवाली पाच-सहा. आणि डाउन सिंड्रोम नसूनही रेघ असलेली दोनशे-तीनशे!

शिवाय रेघ म्हणजे कातडीची घडी. ठसा उमटतो तो बारीक कंगोऱ्यांचा, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात बोटांच्या टोकांवर आणि तळव्यांवर छोट्या उशा फुगतात. दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून त्या ओसरत असतानाच कंगोरे धरू लागतात. उशी उंच असली तर बहुधा चक्र, बेताची आणि एका अंगाला कललेली असली तर शंख (याला लूपही म्हणतात), बसकी असली तर कमान. सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी कायमची ठरते. एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे याच काळात हाताची वाढ वेगळी होते आणि तो फरक कातडीवर कोरला जातो.

अमेरिकेतले हॅरल्ड कमिन्स यांनी 1930च्या दशकात हा फरक मांडला. डाउन सिंड्रोममध्ये करंगळीकडे उघडणारे शंख जास्त, कधीकधी दहाही बोटांवर. चक्रं आणि कमानी कमी. अंगठ्याकडे उघडणारा शंख एरवी तर्जनीवर सापडतो, इथे तो अनामिकेवर किंवा करंगळीवर दिसतो. पण सगळ्यांत बोलकी खूण हातावर नाहीच. पायाच्या अंगठ्याखालच्या फुगीर भागावर आतल्या कडेला उघडणारी कमान अशा जवळपास निम्म्या जणांत असते, इतरांत शंभरात एकालाही नसते.

तळहातावर मोजायचा तो एक कोन. तीन दिशांचे कंगोरे जिथे भेटतात तो तिठा. तर्जनीखालचा तिठा ‘ए’, करंगळीखालचा ‘डी’, मनगटाजवळचा ‘टी’. ‘टी’पासून दोघांकडे रेषा ओढून कोनमापक लावायचा. एरवी तो 45 अंशांच्या आसपास भरतो. डाउन सिंड्रोममध्ये ‘टी’ तळव्याच्या मध्याकडे सरकलेला असतो आणि कोन बऱ्याचदा 70-80च्या घरात जातो.

मोजणी बिघडते ती बहुधा ठसा घेतानाच. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा, छपाईच्या शाईचा पातळ थर रुळाने लावावा. कागदाखाली फोमचा तुकडा ठेवला नाही तर तळव्याचा खळगा कोरा राहतो. मनगटाची घडी उमटली नाही तर ‘टी’ हुकतो. बोटं फाकवली की कोन फुगतो. दोन ‘टी’ असतील तर बोटांच्या जवळचा धरायचा. वयाबरोबर तळवा रुंदीपेक्षा लांबीने जास्त वाढतो, कोन कमी होतो. म्हणून बाळाची तुलना मोठ्यांशी करणं चूक. बाळ मूठ सोडत नाही, तळवा घामेजतो, कंगोरेही फार बारीक. भिंग हवंच.

कॅनडात नॉर्मा फोर्ड वॉकर यांनी 1957च्या सुमारास अशा अनेक खुणांचे गुण एकत्र करून निर्देशांक बनवला. त्यानेही साधारण 70 टक्केच मुलं ठामपणे ओळखता येत. उरलेली इतरांत मिसळून जात. (ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला मात्र एवढाही आधार नाही.)

पॅरिसमध्ये झेरोम लेज्युन आणि रेमाँ तुर्पँ हेही आधी तळहाताचे ठसेच तपासत होते. 1959 मध्ये मार्थ गोतिए यांच्यासह त्यांनी डाउन सिंड्रोममध्ये नेहमीच्या 46ऐवजी 47 गुणसूत्रं दाखवली आणि निदान ठशांकडून रक्तपरीक्षेकडे गेलं. आज संशय आला तर कॅरिओटाइप, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांची तपासणी, करतात. पेशी वाढवाव्या लागत असल्याने निकालाला काही दिवस लागतात. त्यातून ठशांना कधीच न दिसणारी गोष्ट कळते: जादा प्रत सुटी आहे की दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली. चिकटलेली असेल तर आईवडिलांचंही कॅरिओटाइप करावं लागतं, कारण पुढच्या गरोदरपणातली शक्यता त्यावर ठरते.