कुत्र्याला घेऊन आंबोलीला येताना

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी बरेचजण फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, "कुत्रा चालेल ना?" चालेल. खोलीत, तुमच्याबरोबर, तुमच्या पायाशी चालेल. पण दुसरा प्रश्न असतो, "त्याला धबधब्यात नेता येईल ना?" त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हे माहितीपत्रक. आगाऊ रक्कम भरण्याआधी ते वाचा, ही विनंती.

केव्हा यायचं

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कुत्र्याला आणू नका. आमच्या धंद्याचे तेच दिवस, तरी आम्ही हे सांगतो. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्यालाच लागून कोसळतो. त्या दोन दिवशी तिथे गाड्यांची रांग, स्पीकर, पायऱ्यांवर खेचाखेच, वर कणसांवर टपलेली माकडं. माणसं मजा म्हणून ते सोसतात. कुत्र्याला पाण्याचा तो गडगडाट आपल्यापेक्षा कितीतरी मोठा ऐकू येतो आणि पळायला जागा नसते. शेपूट पोटाशी घेऊन उभा राहिलेला कुत्रा फोटोत ओला आणि गोंडस दिसतो. प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो.

सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत या. धबधब्यांना तेव्हाही थोडंफार पाणी असतं, पाऊस उघडीप देतो आणि गर्दी ओसरते. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. आवाजाला भिणारा कुत्रा असेल तर ती वेळ खोलीतच काढा. मुख्य धबधबा बघायचाच असेल तर सकाळी साडेसहाला जा, पट्टा आखूड धरा आणि पायऱ्यांवर चढू नका. शेवाळावर त्याची नखं धरत नाहीत.

कावळेसादचा कडा आणि नांगरतासचा धबधबा या दोन ठिकाणी मात्र कुणीतरी कुत्र्याला गाडीजवळ धरून बसा. कावळेसादला दरीतून वर येणारा वारा पाणी उलटं उडवतो. त्या वाऱ्यात माणूसही हेलपाटतो आणि कठड्याच्या फटीतून लहान कुत्रा सहज निसटू शकतो. नांगरतासची घळ अरुंद आणि खोल आहे.

मग कुत्र्यासाठी काय? आमच्या आवारामागचा व्हाळ, म्हणजे ओढा. गुडघाभर पाणी, गोटे, दोन्ही बाजूंना सावली. आजवर आलेल्या बहुतेक कुत्र्यांनी सगळ्यात सुखाचा तास तिथेच घालवला आहे. त्यांना उंच धबधबा नको असतो, वास घ्यायला वेळ हवा असतो.

पट्टा कशासाठी

आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाच्या सुरुवातीला उथळ डबकी साचतात. आंबोली टोड नावाचा लहानसा भेक (बेडकाचाच एक प्रकार) तिथे अंडी घालतो. २००९ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. हा परिसर सोडून तो इतरत्र जवळजवळ कुठेच सापडत नाही आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. मोकळा सोडलेला कुत्रा अशा डबक्यातून एकदा धावला तरी अंड्यांचा चिखल होतो. शिवाय भेक चाटला तर कुत्र्याच्याही तोंडाला फेस येतो. तसं झालं तर मान खाली झुकवून तोंड पाण्याने धुवा, ओल्या फडक्याने हिरड्या पुसा आणि लगेच आम्हाला हाक मारा.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात कुत्र्याला उतरवू नका. देवस्थान आहेच, शिवाय २०२० साली तिथे माशाची नवी जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली.

लसीकरणाचं कार्ड आम्ही दारातच बघतो. रेबीजची लस हवीच. लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) अंतर्भाव असलेली लस निदान दोन आठवडे आधी दिलेली असावी, कारण इथल्या साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं. पार्वो आणि डिस्टेंपर हे रोग पाळीव कुत्र्यांकडून कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांना, होऊ शकतात. या जंगलाचे पाहुणे आपण आहोत, हे लक्षात असू द्या.

रात्री कुत्रा पडवीत बांधून ठेवायला आम्ही परवानगी देत नाही. त्यात सूट नाही. बिबट्याला बांधलेल्या कुत्र्याइतकं सोपं भक्ष्य दुसरं नाही. रात्री शी-शूला न्यायचं असेल तर दिव्याखालच्या अंगणात, पट्ट्याने, आणि बॅटरी घेऊन. वाटेवर चापडा हा विषारी साप बसलेला असू शकतो.

जळवा, गोचिड्या आणि कणीस

जळू दिसली की ओढू नका. नखाने तिचं तोंड कडेने सरकवा. नंतर बराच वेळ रक्त ओघळतं, त्याने घाबरू नका. नाकपुडीत शिरली तर मात्र पशुवैद्यच हवा. आंबोलीत रात्री तो मिळेलच असं धरू नका, सावंतवाडीपर्यंत तीसेक किलोमीटर घाट उतरावा लागेल. गोचिडीवरची गोळी निघण्याआधी चार-पाच दिवस द्या. शेजारच्या दोडामार्ग भागात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती आणि तो गोचिडीतून माणसाला होतो. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड म्हणूनच चिमट्याने काढा, बोटांनी चिरडू नका.

आणि कणीस. एका पाहुण्यांच्या लॅब्रॉडॉरने धबधब्यापाशी टाकलेला कणसाचा दांडा गिळला. दोन दिवस उलट्या आणि शेवटी शस्त्रक्रिया. कुत्रा वाचला, पण त्याच्या मालकिणीचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही. दांडा आतड्यात अडकतो, पचत नाही. कांदाभजीही देऊ नका, कांदा कुत्र्याला विषारी आहे. जेवणाची काळजी आमच्यावर सोडा. बिनमिठाचा, हाडं काढलेला चिकन-भात आम्ही वेगळा शिजवतो.

प्रवास

गाडी लागणाऱ्या कुत्र्याला कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा हा रस्ता बरा. सावंतवाडीकडून वळणावळणांचा घाट चढावा लागतो. निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवा. रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरणार असाल तर फर्स्ट एसीचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केल्यासच कुत्रा तुमच्याजवळ राहतो, एरवी त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. त्या पेटीत इतका लांबचा प्रवास आम्ही तरी आमच्या कुत्र्याला करायला लावणार नाही.

सोबत दोन जाड टॉवेल, त्याची रोजची चादर आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर मोबाइल नंबर असू द्या. इथे रेंज येते-जाते, म्हणून आमचाही नंबर त्यावर लिहा. लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान आणि बोटांमधल्या फटी तो दर वेळी ओला झाल्यावर कोरड्या करा. इथल्या दमट हवेत त्या आपोआप सुकत नाहीत.

खोली ठरवताना कुत्र्याचं वय, वजन, तो इतर कुत्र्यांशी कसा वागतो आणि कशाला भितो, एवढं सांगा. आमची कुत्री राणी अंगणात असते. तिच्याशी जमणार नसेल तर तुम्ही येण्याआधी तिला मागच्या घरात नेऊन ठेवू.