पावसाच्या आधी डिस्क घेऊन या: घरच्या सिनेमांच्या कॉपीविषयी थोडी माहिती

मे महिन्यात मालवणच्या आमच्या दुकानात एक माणूस हमखास येतो. मुंबईहून गावी आलेला चाकरमानी, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात वीस-पंचवीस व्हीसीडी आणि चार-पाच डीव्हीडी. जुने मराठी सिनेमे, जत्रेत घेतलेली दशावतारी नाटके, डबलबारी भजने. घरचा प्लेअर कधीच बंद पडलेला, मुलाच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. "ह्यां सगळां पेनड्रायव्हात घालून देशात?"

देतो. पण सगळेच देत नाही. ते का, हे दरवेळी काउंटरवर सांगताना मागची रांग खोळंबते, म्हणून हे पत्रक.

आणण्याआधी घरी एवढे करा. व्हीसीडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके आरपार दिसले, तर तेवढा भाग गेला. व्हीसीडी म्हणजे शेवटी सीडीच. तिचा चंदेरी थर छापील बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. लोक खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि छापील बाजूवर चिकटपट्टी लावतात. पट्टी ओढली की तिच्याबरोबर सिनेमाही निघतो! डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती जरा टिकते. बुरशीचे डाग दिसले तर साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्ट लावू नका. व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती कुठल्याही मशीनमध्ये न घालता तशीच आणा. ती बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही.

आता कायद्याचे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. कलम ५२ प्रमाणे खाजगी वापरासाठी केलेला रास्त वापर हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. मात्र 'विकत घेतलेल्या सिनेमाची जादा प्रत काढा' असे सरळ वाक्य त्यात नाही. तशी स्पष्ट मुभा संगणकाच्या प्रोग्रॅमला आहे. बऱ्याच डीव्हीडींना कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने तांत्रिक कुलूप घातलेले असते. हक्क डावलण्याच्या हेतूने ते तोडले तर कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी कुणाला ते उघडून दिले, तर त्याचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवणे याच कलमाने बंधनकारक आहे. म्हणून कुलूपबंद डीव्हीडी आणलीत की आम्ही वही पुढे करतो. राग मानू नका, सख्ख्या भावाचीही नोंद केली आहे.

यावरून आम्ही आमचे नियम जरा घट्टच ठेवले आहेत. मूळ छापील डिस्क तुमची हवी. मित्राची, भाड्याची किंवा साध्या कोऱ्या डिस्कवर उतरवलेली चालणार नाही. प्रत एका घरासाठी एकच. 'काकांकडे एक, आत्याकडे एक' असे सांगू नका. होमस्टेच्या हॉलमध्ये पाहुण्यांना दाखवणे किंवा वाडीच्या गणपतीत पडदा लावणे हे घरी बघणे नव्हे. मूळ डिस्क विकलीत किंवा कुणाला देऊन टाकलीत तर प्रत पुसा. मोबाइलच्या अ‍ॅपवर 'विकत' घेतलेला सिनेमा आम्ही काढून देत नाही. तिथे तुमच्या हातात वस्तू येत नाही, बघण्याची परवानगी येते.

व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. ते मोठ्या टीव्हीवर धूसरच दिसणार. 'एचडी करून द्या' म्हणणाऱ्यांना आम्ही चहा देतो, एचडी देऊ शकत नाही. दोन-तीन व्हीसीडींचा सिनेमा मात्र जोडून सलग देतो, म्हणजे ऐन मारामारीत उठून डिस्क बदलायला नको. डीव्हीडीत ४.७ किंवा ८.५ जीबी मावते. आम्ही ती टीव्हीला चालेल अशा एका फाइलमध्ये आणतो. जुने टीव्ही फॅट३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून टीव्हीचे मॉडेल लिहून आणा. कॅसेट मात्र जेवढ्या तासांची, तेवढेच तास घेते. तीन तासांच्या कॅसेटला 'जरा लवकर करा' म्हणून उपयोग नाही.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावायला ठीक, सांभाळायला नाही. हार्डडिस्कवरही ठेवा. मूळ डिस्क फेकू नका: ती तुमच्या खरेदीचा पुरावा आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, जमिनीपासून उंच ठेवा. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणहून आमच्याकडे आलेल्या डिस्क धुऊन बऱ्याचशा चालल्या. पाकिटांचा कागद मात्र त्यांना कायमचा चिकटला होता.

पैसे घेतो ते आमच्या वेळेचे, सिनेमाचे नव्हेत. दर फळ्यावर लिहिले आहेत. डिस्क वाचलीच नाही तर काही घेत नाही.

नेताना पावती आणा. गेल्या वर्षीच्या तीन व्हीसीडी अजून कपाटात पडून आहेत. एका पाकिटावर पेनाने नुसते 'आप्पांची' लिहिले आहे.