अल्फा की आयसीसी? अनुवादित प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेचे दोन आकडे

हाताच्या रुग्णांसाठीची ‘डॅश’ ही ३० प्रश्नांची प्रश्नावली टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीबरोबर तयार केली. १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. घट्ट झाकणाची बरणी उघडता येते का, किल्ली फिरवता येते का, स्वतःची पाठ धुता येते का, अशा प्रश्नांना रुग्ण १ ते ५ मधला आकडा देतो. त्यावरून ० ते १०० मध्ये गुण काढतात. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. तिचे अनेक भाषांत अनुवाद झाले आहेत. अशा अनुवादांवरच्या शोधनिबंधांत ‘विश्वासार्हता’ या एकाच मथळ्याखाली बहुधा दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात: क्रॉनबाखचा अल्फा (प्रश्नांची आपसातली सुसंगती) आणि आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट, म्हणजे दोन वेळच्या गुणांची जुळणी). दोन्ही १ च्या जितके जवळ, तितके चांगले मानतात. एक चांगला आला म्हणजे दुसऱ्याचीही काळजी मिटली, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही.

अल्फासाठी रुग्णाने प्रश्नावली एकदाच भरली तरी पुरते. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच तो तपासतो. शिवाय तो प्रश्नांच्या संख्येवर फुगतो. दोन प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध (एकाचं उत्तर वाढलं की दुसऱ्याचंही किती वाढतं, ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) फक्त ०.३० असला, तरी ३० प्रश्नांचा अल्फा ०.९३ येतो, डॅशच्या ११ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीचा, ‘क्विकडॅश’चा, तेवढ्याच सहसंबंधावर ०.८३ च्या आत राहतो. म्हणून डॅशच्या अनुवादाचा अल्फा उंच आला, यात मला फारसं काही सिद्ध झालेलं दिसत नाही. एखादा प्रश्न अनुवादात संदिग्ध झाला, तरी बाकीचे २९ त्याला झाकून टाकतात. अल्फा ०.९५ च्या वर गेला, तर उलट शंका घ्यावी: तेच ते पुन्हा विचारलं जात असेल.

आयसीसीसाठी त्याच रुग्णाकडून काही दिवसांनी प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागते. हात होता तसाच असेल, तर गुणही तेच यायला हवेत. खरी मेहनत इथे आहे. अंतर एवढं हवं की आधीची उत्तरं आठवू नयेत, पण हातही बदलू नये. बहुतेकजण एक ते दोन आठवडे ठेवतात. मनगटाचं प्लास्टर नुकतंच काढलेला रुग्ण यासाठी चालत नाही, तो आठवड्यात सुधारतो आणि दोष अनुवादाच्या माथी येतो. पहिल्यांदा मुलाने प्रश्न वाचून दाखवले आणि दुसऱ्यांदा आजींनी स्वतः वाचले, तरी घोळ होतो. आणि इथे साधा सहसंबंध वापरू नये. दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच गुण ८ ने वाढले तरी सहसंबंध पूर्ण १ येतो; आकड्यांची जुळणी मोजणारा आयसीसी मात्र खाली येतो.

गोंधळाची किंमत रुग्णाच्या फाइलमध्ये दिसते. समजा गुणांचं प्रमाण विचलन (रुग्णांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, ते) २०, आयसीसी ०.९१ आणि अल्फा ०.९६ आहे. मोजमापातली प्रमाण त्रुटी (हात तसाच असूनही गुण साधारण किती इकडेतिकडे होतात, ते) आयसीसीवरून ६ येते आणि ९५ टक्के खात्रीने ‘बदल झाला’ म्हणायला सुमारे १७ गुणांचा फरक लागतो. तेच गणित अल्फावरून केलं, तर त्रुटी ४ आणि फरक ११. व्यायामानंतर एखाद्या बाईंचे गुण ४८ वरून ३४ वर आले, तर अल्फाच्या हिशेबाने त्या नक्की सुधारल्या. आयसीसीच्या हिशेबाने ते अजून खात्रीने सांगता येत नाही. दोन भेटींमधला बदल मोजायचा असल्याने इथे आयसीसीचाच हिशेब धरायला हवा.