पोलीस-भ्रष्टाचारपट

पोलीस-भ्रष्टाचारपट : गुन्हेगारी कथेचा एक उपप्रकार. चोर-पोलिसांच्या नेहमीच्या कथेत गुन्हा बाहेर घडतो आणि पोलीस त्याचा माग काढत जातात. इथे गुन्हा ठाण्याच्या आतच असतो आणि ज्यांच्या भरवशावर रात्रीची गस्त घालायची, त्यांच्याच विरुद्ध नायकाला तोंड उघडायचे असते. वरवर पाहता विषय लाचेचा, पण नाट्य उभे राहते ते इमानाच्या प्रश्नावर. खाल्ल्या मिठाला जागायचे, तर ते मीठ कुणाचे? कायद्याचे, खात्याचे, की शेजारी बसलेल्या जोडीदाराचे?

या प्रकाराला आजचे रूप आले ते १९७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये, आणि त्यामागे खरी चौकशी होती. फ्रँक सर्पिको हा साध्या वेशातला पोलीस हप्ता नाकारत होता. वरिष्ठांकडे तक्रारी करून काही होईना, तेव्हा एप्रिल १९७० मध्ये सगळे प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आले. महापौर जॉन लिंडसे यांना व्हिटमन नॅप यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. आयोगाने १९७२ च्या अखेरीस दिलेला अंतिम अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात हप्त्याची घडी उलगडून दाखवली आहे. जुगाराच्या अड्ड्यांकडून महिन्याची वसुली व्हायची आणि तिचे ठरलेले वाटे पडायचे. एका पोलिसाचा वाटा भागाप्रमाणे महिना ३०० ते १५०० डॉलरपर्यंत जाई. बदलून आलेल्या माणसाला पहिले दोन महिने काही मिळत नसे. तो भरवशाचा आहे का, हे आधी पारखले जाई. ही थकबाकी तो तिथून बदलून जाताना चुकती होई. चोरीच्या पैशाला इतका चोख हिशेब होता! अहवालाने लाचखोरांचे दोन वर्गही केले : समोर येईल ते मुकाट घेणारे ‘गवत खाणारे’ आणि स्वतः सावज हेरणारे ‘मांस खाणारे’. त्यातले गवत खाणारेच अधिक घातक, असे आयोगाचे म्हणणे होते. त्यांची संख्या मोठी, आणि त्यांच्यामुळेच लाच ही रीत होऊन बसते.

वाटा न घेणारा माणूस इतरांना का सलतो, हे यातून कळते. सगळ्यांचे हात ओले असले की अळीमिळी गुपचिळी चालते. एकाचे हात कोरडे राहिले, की तो उद्या बोलेल ही धास्ती प्रत्येकाला लागते. मग प्रामाणिक माणूसच घरभेदी ठरतो, खात्यातला बिभीषण. फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रुकलिनमधल्या अमली पदार्थांच्या छाप्यात सर्पिकोच्या चेहऱ्यात गोळी घुसली. मदतीसाठी फोन केला तो शेजारच्या एका वृद्ध रहिवाशाने. सिडनी लुमेट यांचा ‘सर्पिको’ (१९७३) याच प्रसंगापासून सुरू होतो. जखमी सर्पिकोला घेऊन गाडी भोंगा वाजवत इस्पितळाकडे निघाली आहे, बातमी ठाण्यात पोहोचते, आणि तिथे पहिली शंका येते ती गोळी पोलिसानेच झाडली का, ही. सबंध चित्रपटाचे मर्म त्या शंकेत आहे.

लुमेट यांनी आठ वर्षांनी केलेला ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ (१९८१) माझ्या मते याहून श्रेष्ठ आहे. सर्पिको निष्कलंक होता. इथला डॅनी सिएलो तसा नाही. त्याने स्वतः खाल्ले आहे, आणि आता तो अंगावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र लपवून सरकारी वकिलांसाठी पुरावे गोळा करतो. त्याची अट एकच, की जोडीदारांना हात लावायचा नाही. धागा एकदा सुटल्यावर ती अट टिकत नाही. एका पावसाळी रात्री व्यसनाने तडफडणाऱ्या आपल्या खबऱ्याला हेरॉइन मिळावे म्हणून तो दुसऱ्या व्यसनी माणसाला मारतो; दया आणि गुन्हा इथे वेगळे काढता येत नाहीत. शेवटी तो नव्या पोलिसांसमोर व्याख्यानाला उभा राहतो. तो सिएलो तुम्हीच का, असे एकजण विचारतो. होकार मिळताच, तुमच्याकडून शिकण्यासारखे काही नाही असे म्हणून तो वर्गातून उठून जातो.

हाँगकाँगमध्ये हाच विषय दुहेरी झाला. तिथला बडा पोलीस अधिकारी पीटर गॉडबर चौकशी चालू असताना १९७३ मध्ये ब्रिटनला पळाला. लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४ मध्ये पोलिसांपासून स्वतंत्र असा भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन झाला. १९७७ मध्ये चिडलेल्या पोलिसांनी या आयोगाच्याच कार्यालयात घुसून मारहाण केली, आणि गव्हर्नरांना जुन्या बहुतेक प्रकरणांना माफी द्यावी लागली. ‘इन्फर्नल अफेअर्स’ (२००२) या तिथल्या चित्रपटात पोलिसांचा माणूस टोळीत आहे आणि टोळीचा माणूस पोलिसात. मूळ चिनी नाव बौद्ध ग्रंथांतल्या अवीचि नरकावरून आले आहे, ज्यातल्या यातनांना खंड नाही असा नरक. टोळीतल्या पोलिसाची खरी ओळख फक्त एका अधिकाऱ्याला ठाऊक असते. तो अधिकारी इमारतीवरून टॅक्सीच्या टपावर येऊन आदळतो, त्या क्षणी या माणसाचे पोलीसपणही संपते. कागदावर तो आता नुसता गुंड. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी याच कथेवर ‘द डिपार्टेड’ (२००६) केला.

आपल्याकडचा या प्रकारातला सर्वांत खोल चित्रपट म्हणजे गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३). भाषा हिंदी असली तरी त्याचे मूळ मराठी आहे : श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांची कविता. मुंबईतला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) पैसे खात नाही. पण रामा शेट्टी या बड्या गुंडाला (सदाशिव अमरापूरकर) हात लावायचा तर वरून दट्ट्या येतो. कोंडलेला संताप तो कोठडीत एका भुरट्या चोरावर काढतो आणि तो मरतो. आता नोकरी वाचवायची तर रामा शेट्टीच्याच दारात जायचे. न्यूयॉर्कच्या कथांत माणूस पाकिटाने विकला जातो, इथे स्वतःच्या हिंसेने. त्या हिंसेची पाळेमुळे वेलणकरच्या घरातच आहेत, कारण त्याचे वडीलही पोलिसात होते आणि त्याच्या लहानपणी आईला मारत. शेवटी तो रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि चालत आपल्याच ठाण्यात हजर होतो.